तुम्ही विचारलंत म्हणून: केस झालेला मुलगा आणि पतसंस्थेची चाबी

"ताई, पोलीस केस झालेला पोट्टा तुमी कामावर ठेवला म्हणे. चोराच्याच हाती चाबी देल्ली का?"

हा प्रश्न मला पतसंस्थेचे अध्यक्ष विचारतात, जिनिंगचे मालक विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणेही विचारतात. दुसरा एक प्रश्न आईबाप विचारतात, आणि तो अगदी उलट्या टोकाचा असतो: "आमचं पोट्टं कोणाचंबी इन्स्टा खोलून दाखवते. त्याले लावून घ्या ना तुमच्याकडं." पहिल्या प्रश्नात भीती आहे, दुसऱ्यात कौतुक. मला काळजी दुसऱ्याची जास्त वाटते. दोन्हींचं उत्तर शेवटी एकाच ठिकाणी जातं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी मोर्शीला राहते. आधी पुण्यात संगणक सुरक्षेच्या कंपनीत होते. आता इथूनच अमरावती, वर्धा, यवतमाळ या भागातल्या पतसंस्था, कॉलेजं, जिनिंग, संत्र्याचं ग्रेडिंग करणाऱ्या शेतकरी कंपन्या यांच्या यंत्रणा तपासून देते. म्हणजे त्यांच्याच लेखी परवानगीने त्या फोडून बघते आणि कुठून फुटतात ते सांगते. काम सुरू व्हायच्या आधी एक कागद होतो. कोणते सर्व्हर, कोणते दिवस, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, कशाला अजिबात हात लावायचा नाही, रात्री काही बंद पडलं तर कोणाला फोन करून उठवायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली सही-शिक्का. हा कागद असला तर तो आमचा धंदा, नसला तर तेच काम गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तेव्हा आमच्या धंद्यात सगळं परवानगीवर उभं आहे. आणि परवानगी कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन सुरक्षा तपासनीस रात्री एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, न्यायालयाच्या इमारतीत शिरले. राज्याच्या न्यायखात्याने त्यांना त्यासाठीच नेमलं होतं, करार खिशात होता. तरी तिथल्या शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, त्यांना अटक केली, कारण इमारत काउंटीची होती आणि काउंटीला कोणी विचारलंच नव्हतं. आरोप मागे घेतले जायला जानेवारी २०२० उजाडला. ही गोष्ट मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगते. सही कोणाची आहे तेवढंच बघू नका, वस्तू कोणाची आहे ते बघा. पतसंस्थेचा सर्व्हर संस्थेचा असेल, पण त्यातली नावं, फोन नंबर आणि शिल्लक रकमा खातेदारांच्या आहेत.

आता त्या मुलाबद्दल.

तो वरुड तालुक्यातल्या एका खेड्यातला. इंजिनीअरिंगला होता, एकोणीस वर्षांचा. कॉलेजच्या पोर्टलवर लॉगिन केलं की पानाच्या पत्त्यात शेवटी विद्यार्थ्याचा क्रमांक दिसायचा. त्याने तो क्रमांक एकाने वाढवून बघितला आणि दुसऱ्याच मुलाचं पान उघडलं: नाव, फोटो, गुण, मोबाइल नंबर, घरचा पत्ता. हे दार कुलूप न लावताच ठेवलेलं होतं. ती चूक कॉलेजची, आणि ती कोणाच्याच नावावर नोंदली गेली नाही, याचा मला आजही राग आहे. पण मुलाने पुढे जे केलं ते कॉलेजच्या माथी मारता येत नाही. त्याने छोटासा प्रोग्रॅम लिहिला, रातोरात सगळ्या विद्यार्थ्यांची पानं उतरवून घेतली, त्यांची एक्सेल शीट केली आणि 'बघा काय केलं' म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली.

पैसे कमावले नाहीत, कोणाचे गुण बदलले नाहीत. त्याचे मित्र अजूनही म्हणतात की त्याने काहीच बिघडवलं नाही. पण ती यादी एका ग्रुपमधून दुसऱ्यात गेली आणि मुलींना अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. त्यातली एक मुलगी त्याच्या शेजारच्याच गावची, त्याच एसटीने कॉलेजला येणारी. रात्री-बेरात्री फोन यायला लागल्यावर तिच्या भावाने तिचं कॉलेज बंद केलं. ते सेमिस्टर तिचं गेलं, पुढचंही गेलं.

कॉलेजने तक्रार केली, गुन्हा नोंदला गेला. पुढे कॉलेज तडजोडीला तयार झालं आणि न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण मिटलं. तडजोड झाली ती मुलगा आणि कॉलेज यांच्यात. यादीत ज्यांचे नंबर होते त्यांना कोणीही बोलावलं नाही, विचारलं नाही.

'चोराला कामावर ठेवावं का' या वादात मला नेमकी हीच माणसं कधी दिसत नाहीत. वाद दोन बाजूंनी चालतो. एक बाजू म्हणते, चोरालाच चोराच्या वाटा ठाऊक. दुसरी म्हणते, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत. दोघंही बोलतात ते चोर आणि मालक यांच्याबद्दल.

पहिल्या बाजूचं म्हणणं मला पटत नाही, आणि मी हे काम रोज करणारी म्हणून सांगते. फोडणाऱ्याला एक भोक पुरतं. राखणाऱ्याला सगळी भोकं बुजवावी लागतात, आणि ती बुजवण्याचं काम कंटाळवाणं असतं. नोकरी सोडून गेलेल्या कॅशिअरचं लॉगिन अजून चालू आहे का, बॅकअप घेतलं जातं ते कधी परत उतरवून तपासलंय का, शाखेतल्या राउटरचा पासवर्ड कंपनीने दिला तोच आहे का. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. आधी व्यवस्थेत मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, शिरवलं गेलं आणि मग बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले गेले. असला प्रकार टाळायला सिनेमातल्यासारखा जादूगार लागत नाही. नोंदी रोज वाचणारा, न कंटाळणारा माणूस लागतो. गुन्हा करून आलेल्या मुलाकडे ही सवय असेलच असं काही नाही. बहुतेकदा नसते.

शिवाय एक काळ होता तेव्हा हे शिकायला जागाच नव्हती. केव्हिन मिटनिक हा अमेरिकेतला गाजलेला हॅकर टेलिफोन कंपन्यांशी खेळत मोठा झाला तेव्हा सरावासाठी मोकळं मैदान कुठेच नव्हतं, हे मी मान्य करते. आज ती सबब चालत नाही. नेटस्केपने १९९५ मध्येच आपल्या ब्राउझरमधले दोष शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःच्या वेबसाइट फोडून दाखवायचं जाहीर आमंत्रण दिलं. चौदाशेवर लोकांनी नाव नोंदवलं, १३८ खरे दोष सापडले आणि सुमारे ७५ हजार डॉलर बक्षिसांत वाटले गेले. आपल्याकडे सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था दोष कळवून घेते. जुन्या लॅपटॉपवर स्वतःचाच सर्व्हर मांडून तो फोडत बसायला मोर्शीतल्या मुलालाही कोणी अडवत नाही. म्हणून 'गुन्हा केला म्हणून त्याला येतं' ही शिफारस माझ्याकडे चालत नाही. गुन्हा हे प्रमाणपत्र नव्हे.

पण दुसऱ्या बाजूचा भरवसाही मला खोटा वाटतो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणला की माणूस सुरक्षित, असं अध्यक्षसाहेब धरून चालतात. जो सुलिव्हन हा अमेरिकेत संगणक गुन्ह्यांचे खटले चालवणारा सरकारी वकील होता. पुढे तो उबरचा सुरक्षाप्रमुख झाला. २०१६ मध्ये उबरचे सुमारे पावणेसहा कोटी प्रवासी आणि ड्रायव्हर यांची माहिती चोरीला गेली. चोरांना एक लाख डॉलर दिले गेले आणि ते दोष शोधल्याचं बक्षीस म्हणून दाखवून चोरी दडवली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुलिव्हन त्यासाठी दोषी ठरला. त्याच्या दाखल्यावर तोवर एक डाग नव्हता. कुंपण शेत खातं तेव्हा ते कुंपण कुठून आणलं होतं याने काही फरक पडत नाही. रोज कोणीतरी कुंपणाला फेरी मारत होतं का, एवढंच महत्त्वाचं असतं.

आणि फेरी मारली नाही तर काय होतं त्याचं उदाहरणही अमेरिकेतच आहे. अल्बर्ट गोन्झालेझ २००३ मध्ये पकडला गेला आणि तिथल्या सीक्रेट सर्व्हिसचा खबऱ्या झाला. एकीकडे सरकारला मदत आणि दुसरीकडे आपल्या टोळीसोबत कार्डांची चोरी, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून चार कोटींहून जास्त कार्डं, मग हार्टलँड या पेमेंट कंपनीतून कोट्यवधी. मार्च २०१० मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. लोक हे उदाहरण 'बघा, चोर तो चोरच' म्हणून देतात. मला त्यातून वेगळं दिसतं. त्याच्याकडे ज्या दिवशी कौशल्य बघून मदत मागितली गेली, त्या दिवशी तो पकडला गेला म्हणून मदतीला आला होता, पटलं म्हणून नव्हे. हा फरक ओळखायचा कसा, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

मार्कस हचिन्सचं उलट. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावातला हा मुलगा घरी बसून काम करायचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने इंग्लंडची सरकारी दवाखान्यांची यंत्रणा ठप्प केली तेव्हा त्याने त्या प्रोग्रॅममध्ये सापडलेला एक वेबपत्ता नोंदवून घेतला आणि पसरणं थांबलं. तीन महिन्यांत त्याला अमेरिकेत अटक झाली, कारण काही वर्षांपूर्वी त्याने बँक खाती लुटणारं क्रोनॉस नावाचं मालवेअर लिहिण्यात हात घातला होता. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी आधी भोगलेली कैदच पुरेशी धरली. तो वळला होता तो पकडला जायच्या आधी, कोणी बघत नसताना. ते महत्त्वाचं धरलं गेलं, आणि मलाही ते बरोबर वाटतं.

तरीही क्रोनॉसने ज्यांची खाती रिकामी केली त्यांची नावं या कथेत कुठे येत नाहीत. मिटनिकने फोनवर गोड बोलून ज्यांच्याकडून पासवर्ड काढले त्या नोकरदार बायका-पुरुषांचं पुढे काय झालं, त्यांच्या साहेबांनी त्यांना काय ऐकवलं, हे कोणी सांगत नाही. मिटनिक पाच वर्षांजवळ तुरुंगात राहिला, २००० मध्ये सुटला, २००३ पर्यंत त्याला इंटरनेट वापरायची बंदी होती आणि मग त्याच कंपन्यांच्या जगात तो मानाने सल्लागार झाला. शिक्षा त्याने भोगली, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण फसवली गेलेली माणसं त्या मानाच्या खुर्चीबद्दल काय म्हणाली असती, हे विचारायची पद्धतच आमच्या धंद्यात पडली नाही.

जर्मनीत एकदा वाद झाला होता, तो मला जवळचा वाटतो कारण तोही खेड्यातल्या पोराचा. वाफेन्झेन नावाच्या लहानशा गावातल्या स्वेन याशानने २००४ मध्ये सॅसर हा वर्म, म्हणजे आपोआप एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. तो नुकता अठराचा झाला होता. ब्रिटनच्या तटरक्षक केंद्रांना त्या दिवसांत नकाशे हाताने बघायची वेळ आली. मे महिन्यात तो पकडला गेला आणि सप्टेंबरमध्ये सिक्युअरपॉइंट या सुरक्षा कंपनीने त्याला शिकाऊ म्हणून कामावर घेतलं. खटला अजून उभाही राहिला नव्हता. तो निकाली निघाला पुढच्या वर्षी जुलैमध्ये, एकवीस महिन्यांच्या स्थगित शिक्षेने. दुसऱ्या एका अँटीव्हायरस कंपनीने निषेध म्हणून सिक्युअरपॉइंटशी संबंध तोडले. मला विचाराल तर मुलाला शिकायला घेणं चुकीचं नव्हतं, घाई चुकीची होती. ज्यांचं नुकसान झालं ते कोर्टात बोलायच्या आधीच त्याला नोकरी मिळालेली होती. अशा नोकरीचा अर्थ आजूबाजूची मुलं काय लावतील?

आणि संधी कोणाला मिळते हेही बघायला पाहिजे. रॉबर्ट टॅपन मॉरिसने नोव्हेंबर १९८८ मध्ये सोडलेल्या वर्मने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं अडकवली. त्याला तीन वर्षं प्रोबेशन, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. चांगलंच झालं. पण तो कॉर्नेलसारख्या विद्यापीठात शिकणारा मुलगा होता आणि त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक सुरक्षेचे मोठे शास्त्रज्ञ होते. वरुड तालुक्यातल्या, दोन एकर संत्र्यावर जगणाऱ्या घरातल्या पोराला 'चुकलं, हुशार आहे' म्हणणारं कोणी नसतं. त्याला एकच शिक्का मिळतो. आणि शिक्क्याचं काय होतं ते आपल्या भागाला शिकवायला नको. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण आजही गावात चोरी झाली की पहिली नजर फासेपारध्यांच्या बेड्याकडे, त्यांच्या वस्तीकडे, जाते. त्यांनी काही केलेलं नसताना. इतकं जवळून बघितल्यावर 'एकदा चोर तो जन्माचा चोर' हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

तर तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा पहिला अर्धा तास त्याने कसं फोडलं तेच सांगितलं. पत्ता, क्रमांक, प्रोग्रॅमच्या ओळी. सगळे हेच करतात. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, यादीत कोण होतं? त्याने त्या मुलीचं नाव घेतलं. "आमच्याच एसटीनं येत होती. आता येत नाई. माह्यामुळंच." एवढं तो न विचारता बोलला. त्यासाठी मी पुढचं बोलणं चालू ठेवलं. तो ते बोलला नसता तर चहा पाजून परत पाठवलं असतं.

त्याला तिची माफी मागायची होती. मी जाऊ दिलं नाही. माफी मागायला आलेला माणूससुद्धा दारात उभा राहिला की गावात पुन्हा चर्चा सुरू होते, आणि ती चर्चा त्याच्या नावाने होत नाही, तिच्या नावाने होते. मी कॉलेजातल्या एका मॅडमना सोबत घेऊन गेले. आधी मॅडमनी फोन करून विचारलं, आलं तर चालेल का. ती ओसरीत तूर पाखडत बसली होती. आई आत चहा ठेवत होती, भाऊ मुद्दाम बाहेरच थांबला. मी सगळं सांगितलं: त्याला काम द्यायचा विचार आहे, तुझं म्हणणं काय, नको म्हणालीस तर देणार नाही.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. आधी विचारलं, "पगार किती देनार त्याले?" मी आकडा सांगितला. मग म्हणाली, "माह्यं वर्ष गेलं त्याचे कोणी पैसे देल्ले का मले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडमही काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "द्या काम. त्याच्या मायबापाचं काय चुकलं. पण जिथं पोरींचे नंबर असतीन तिथं नका बसवू त्याले. आन माह्यं नाव जिथं जिथं हाये तिथून काढाले लावा, त्यालेच."

मी तिथेच दोन्ही अटी मान्य केल्या. सुरक्षेबद्दलच्या कुठल्याच परिषदेत यापेक्षा नेमकं धोरण मी ऐकलेलं नाही. पहिल्या अटीत मर्यादा आहे, दुसरीत भरपाई, आणि दोन्ही तिने ठरवल्या, ज्यांच्यावर बेतलं त्यातल्या एकीने.

दुसरी अट पुरी करायला फार वेळ लागला. त्याने ग्रुपमधल्या प्रत्येकाला फोन केले, कोणाकोणाला पुढे पाठवली ते विचारलं, तिथवर गेला. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी पुसल्याचं दाखवून ठेवून घेतली. एक प्रत नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजंटाच्या फोन करायच्या यादीत निघाली. तो तिथे जाऊन बसला आणि पुसून घेईपर्यंत उठला नाही. सगळीकडून निघाली असं मी म्हणणार नाही. एकदा सुटलेली यादी पूर्ण परत येत नसते, आणि हे त्या मुलाइतकं आता माझ्या कार्यालयात कोणाला कळत नाही. त्याचे पहिले पगार त्यानंतर सुरू झाले.

कार्यालयातले नियम सोपे आहेत आणि ते सगळ्यांना सारखेच आहेत, केस झालेल्याला आणि न झालेल्याला. एकटं कोणी तपासणी करत नाही, दोघं असतात. स्क्रीनची नोंद होते आणि ती मी किंवा माझी सहकारी बघते. खातेदारांची माहिती उतरवून घ्यायची नाही. दोष आहे एवढं दाखवायला एक ओळ पुरते, ती झाकून. ग्राहकाच्या चालू यंत्रणेचे पासवर्ड आमच्याकडे राहत नाहीत. आमच्या मोर्शीत खुलं कारागृह आहे. बंद तुरुंगात नीट वागलेले कैदी तिथे येतात आणि उघड्यावर शेती करतात. भरवसा पहिल्याच दिवशी पूर्ण देत नाहीत आणि कायमचा नाकारतही नाहीत, टप्प्याटप्प्याने देतात, हे मला तिथून सुचलं.

भरवसा कशावर ठेवायचा, ते एका पतसंस्थेच्या तपासणीत दिसलं. कागदात फक्त शाखांमधलं नेटवर्क होतं. रात्री अकराच्या सुमारास त्याला एका जुन्या संगणकावर उघडं पडलेलं फोल्डर सापडलं. त्याने की-बोर्डवरून हात काढले, खुर्ची मागे सरकवली आणि मला हाक मारली: "ताई, इथं खातेदारायचे आधारचे फोटो दिसून राह्यले. हे कागदात नाही. थांबलो मी." ते फोल्डर त्याच्या सोबत्याला आधीच दिसलं होतं. त्याच्यावर ना केस, ना डाग. त्याने ते उघडून दोन-तीन फोटो बघितलेही होते, नुसत्या कुतूहलाने. त्या रात्री मला समज द्यावी लागली ती त्याला.

अध्यक्षसाहेबांना माझं सांगणं असं. काम सुरू व्हायच्या आधी मी तुम्हाला लेखी कळवते की आमच्यातल्या एकावर असा गुन्हा नोंदला होता, तो असा मिटला, आणि त्याच्या कामाला ही ही मर्यादा आहे. लपवून ठेवलं तर मी तुमची परवानगी अर्धीच घेतली असं होईल. नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एका बँकेने नको म्हटलं, तिथे मी दुसऱ्यांना पाठवलं, काम झालं, बिल मिळालं, कुठेही कटुता नाही. फक्त माझीही एक विनंती असते. हे तुमच्या संचालकांपुरतं ठेवू नका, वार्षिक सभेत खातेदारांसमोरही मांडा. पैसा त्यांचा आहे, नंबर त्यांचे आहेत. एका पतसंस्थेने खरंच मांडलं. मागे बसलेल्या एका आजोबांनी एवढंच विचारलं की तो पोट्टा मी काढलेल्या कर्जाचा आकडा बघू शकते का. नाही, म्हटलं. मग बसले.

आणि आईबापांनो, तुमचा मुलगा 'कोणाचंबी इन्स्टा' खोलून दाखवतो तेव्हा ते कोणाचं होतं हे त्याला विचारा. ती मुलगी कोण, तिला माहीत आहे का, तिचे फोटो अजून याच्या फोनमध्ये आहेत का. हे विचारायला संगणक यावा लागत नाही. उत्तर देताना तो कौतुकाने हसत असेल तर माझ्याकडे आणू नका, आधी तिच्या घरच्यांशी बोला. तिला काही भोगावं लागत असेल तर १९३० या नंबरवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करायला तिला मदत करा, आपल्या मुलाविरुद्ध असली तरी. आणि त्याने अजून कोणाचं काही खोललेलं नसेल, नुसतं शिकायचं असेल, तर आजच घेऊन या. जुना लॅपटॉप माझ्याकडे आहे.

त्या मुलीने पुढे बाहेरून बी.ए. पूर्ण केलं. तिची अट अजून उठलेली नाही. त्याने मला एकदा विचारलं, किती दिवस राहील ही अट? मी म्हणाले, ते ठरवणारी मी नाही, आणि तिला हे विचारायला मी जाणारही नाही. ती आपण होऊन म्हणाली तर म्हणाली. कॉलेजांची, वसतिगृहांची कामं येतात तेव्हा त्याचं नाव मी त्या कागदावर घालत नाही. त्या दिवसांत तो जिनिंगच्या वजनकाट्यांचं नेटवर्क तपासत असतो.